रात्रभर चालणारं व्हॅक्यूम फुल आणि सात महिन्यांत झिजलेली एसएसडी: जिनिंगच्या सर्व्हरचं दुखणं कुठे शोधायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाच दिसेल. पांढरकवड्याकडच्या तुमच्या जिनिंगमध्ये तीन वजनकाटे आहेत. काट्यांचं वजन, आवक पावत्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या हे सगळं पोस्टग्रेस १३ या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. विंडोजचा साधा पीसी, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि डेटाबेस ४० जीबीचा. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने ऑटोव्हॅक्यूम (निकामी झालेल्या जुन्या ओळी आपोआप साफ करायची सोय) बंद ठेवलंय. त्याऐवजी रोज रात्री दहाला पूर्ण डेटाबेसवर व्हॅक्यूम फुल (सगळी टेबलं नव्याने लिहून काढणारी मोठी साफसफाई) सुरू होतं, ते पहाटे पाच-सहापर्यंत चालतं. कधी काटा उघडायची वेळ झाली तरी संपत नाही, आणि गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. दिवाळीच्या तोंडावर नवी घेतलेली एसएसडी सात महिन्यांत ३५ टक्के झिजल्याचं दिसतंय. तुमचे प्रश्न तीन: व्हॅक्यूम जलद कसं करू, मोठा सर्व्हर घेऊ का, आणि कुणी सांगितल्याप्रमाणे ‘एफसिंक’ बंद करू का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात थांबायला वेळ नाही. एफसिंक बंद करू नका. केलं असेल तर आजच चालू करा. कमिट झालेला, म्हणजे पक्का केलेला, व्यवहार खरोखर डिस्कवर पोचला याची खात्री पोस्टग्रेस त्याच्या जोरावर देतं. आपल्याकडे लाईन कधी जाईल, डीपी कधी उडेल याचा नेम नाही आणि उन्हाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर दम सोडतात. एफसिंक बंद असताना लाईन गेली तर शेवटच्या दोन पावत्या गेल्या इतक्यावर भागत नाही. टेबलांची पानं (डिस्कवरचे ८ केबीचे तुकडे) अर्धवट लिहिलेली राहतात, इंडेक्स (ओळी चटकन शोधायची सूची) आणि टेबल यांचा मेळ तुटतो, आणि ते कधीकधी महिन्याभराने पट्टी काढताना लक्षात येतं. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब ज्या डेटाबेसमध्ये आहे तिथे ही जोखीम कुणीच घेऊ नये. ‘फुल पेज राइट्स’ (अर्धवट पानं सावरता यावीत म्हणून पूर्ण पान लिहून ठेवायची सोय) बंद करायचा सल्ला कुणी दिला तर त्यालाही हेच उत्तर.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. व्हॅक्यूम हळू चालतं आणि डिस्कवर फार लिहिलं जातं, या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात. माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. तुमचा सर्व्हर जे कधीच बदलत नाही ते रोज नव्याने लिहितोय, आणि जे सारखं बदलतं त्याची साफसफाई दिवसभर कुणी करतच नाही. त्यामुळे व्हॅक्यूम फुल जलद करण्याच्या मागे लागाल तर एसएसडी अजून लवकर जाईल, एवढंच.

तुम्ही स्मार्ट तपासणीचा (एसएसडी स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा) आकडा पाठवलात हे फार बरं केलंत. ‘डेटा युनिट्स रिटन’ सुमारे १२ कोटी. एनव्हीएमईमध्ये असा एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. गुणाकार केला तर ६१ टीबी होतात. सात महिन्यांवर वाटले तर रोजचे साधारण ३०० जीबी. आता तुमची खरी नवी माहिती किती? रोज दोनशेच्या आसपास गाड्या. पावती आणि पट्टीच्या ओळी काही केबींच्या. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की काट्यावरच्या कॅमेऱ्यांचे फोटोही डेटाबेसमध्येच जातात, भरलेल्या गाडीचे चार आणि रिकाम्या गाडीचे चार, एकेक १०० केबीचा. सगळ्या प्रश्नात मला तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. दोनशे गाड्या, आठ फोटो, म्हणजे दिवसाला १६० एमबी. दोन हंगामांत ४० जीबी कसे झाले ते यावरूनच कळतं. १६० एमबी नवी माहिती साठवायला ३०० जीबी लिहिले जातायत, तर बाकीचं लिहिणं कोण करतंय हा खरा प्रश्न आहे.

रात्रीपासून सुरुवात करू. व्हॅक्यूम फुल टेबलातली रिकामी जागा भरत बसत नाही. ते प्रत्येक टेबलाची नवी प्रत लिहून काढतं, इंडेक्स नव्याने बांधतं आणि मग जुनी प्रत टाकून देतं. तुमचे दोन हंगामांचे फोटो, ज्यांना एकदा साठवल्यावर कुणी हात लावलेला नाही, ते रोज रात्री पुन्हा लिहिले जातायत. ४० जीबी ते. शिवाय वॉल ही पोस्टग्रेसची नोंदवही, प्रत्येक बदल आधी तिथे लिहिला जातो; ‘वॉल लेव्हल’ ही तिची सेटिंग मुळात जशी येते तशीच असेल तर हे सगळं वॉल फाइलींमध्येही लिहिलं जातं, म्हणजे अजून तितकंच. झाले ८० जीबी.

आता बॅकअप. रात्री साडेनऊला पीजी डंप (डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम) सुरू होतो, साध्या एसक्यूएल फाइलमध्ये, डी ड्राइव्हवर. साध्या फाइलमध्ये फोटोचा प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे ४० जीबीचे फोटो तिथे ८० जीबी होतात. आणि डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क असा बऱ्याच ठिकाणी समज असतो. तुमच्याकडे तर पीसीत एकच एसएसडी आहे, म्हणजे सी आणि डी हे तिचेच दोन भाग. ती मेली की डेटा आणि बॅकअप एकाच वेळी जाणार. झिजेपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. दोन दिवसांचे डंप ठेवत असाल तर १६० जीबी त्यातच अडकले. एसएसडी जितकी भरलेली, तितकी तिला आतल्या आत जागेची हलवाहलव जास्त करावी लागते, आणि झीज वाढते.

म्हणजे रात्रीचे १६० जीबी इथेच सापडले. पण एवढं लिहायला सात-आठ तास लागत नाहीत. स्वस्तातली एसएसडी पहिले काही जीबी धडाक्यात लिहिते, आतला जलद भाग भरला की तिचा वेग साध्या हार्ड डिस्कइतका खाली येतो. हे धरलं तरी रात्र पुरून उरायला हवी. तुमचं व्हॅक्यूम फुल बराच वेळ काम करत नसून कुणाची तरी वाट पाहत थांबलेलं असतं, असा माझा दाट संशय आहे.

कारण असं. पीजी डंप सुरू होताना सगळ्या टेबलांवर हलकं वाचनाचं लॉक (मी वाचतोय, मोडू नका अशी खूण) घेतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. व्हॅक्यूम फुलला मात्र टेबलावर संपूर्ण ताबा लागतो, दुसरा कुणी वाचतही असला तरी चालत नाही. साडेनऊचा डंप साडेबारापर्यंत चालला तर दहाचं व्हॅक्यूम फुल तोवर नुसतं उभं. आणि ते उभं असताना त्या टेबलावर नवा येणारा प्रत्येक जण, साधं वाचणारासुद्धा, त्याच्या मागे रांगेत लागतो. सकाळी काट्याचा स्क्रीन गोठतो तो यामुळेच.

दुसरा संशय ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे. यवतमाळ-वर्धा भागातल्या जिनिंगांमध्ये आणि पतसंस्थांमध्ये मी हे वारंवार पाहिलंय. हिशेबनीस संध्याकाळी पट्टीचा स्क्रीन उघडा ठेवून घरी जातात. प्रोग्राम ओडीबीसी या जोडणीवरून ऑटोकमिट (प्रत्येक काम झाल्याबरोबर पक्कं करणं) बंद करून जोडलेला असतो, त्यामुळे स्क्रीनवर यादी आणण्यासाठी चाललेली साधी क्वेरीसुद्धा एक ट्रँझॅक्शन, म्हणजे व्यवहार, उघडून ठेवते. ती रात्रभर ‘आयडल इन ट्रँझॅक्शन’ (व्यवहार उघडा, पण काम काही नाही) अवस्थेत पडून राहते आणि टेबलावरचं वाचनाचं लॉक धरून ठेवते. सकाळी हिशेबनीस येतात, स्क्रीन बंद करतात आणि व्हॅक्यूम आपोआप पुढे सरकतं. बघणाऱ्याला वाटतं, रात्रभर चाललं बिचारं. त्या ट्रँझॅक्शनने आधी काही लिहिलेलं असेल किंवा कर्सर (यादी थोडी थोडी वाचायची सोय) उघडा ठेवला असेल, तर अजून एक नुकसान होतं: त्यानंतर मेलेल्या, म्हणजे बदलून किंवा खोडून निकामी झालेल्या, ओळी साध्या व्हॅक्यूमलाही काढता येत नाहीत.

हे तपासायला फार काही लागत नाही. एका रात्री अकराच्या सुमारास, व्हॅक्यूम चालू असताना, ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ (कोणती जोडणी काय करतेय याची यादी) बघा. व्हॅक्यूमच्या ओळीत ‘वेट इव्हेंट टाइप’ समोर ‘लॉक’ दिसलं तर ते थांबलेलं आहे. मग त्याचा प्रोसेस क्रमांक ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ या फंक्शनला द्या, अडवणाऱ्याचा क्रमांक मिळेल, आणि त्याच यादीत त्या क्रमांकासमोर तो कोण ते दिसेल. लॉकऐवजी ‘आयओ’ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) दिसलं तर माझा संशय चुकीचा आणि डिस्कच हळू आहे. उत्तर पूर्णपणे या एका तपासणीवर अवलंबून आहे, म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी ही करा.

आता दिवसाकडे. तुम्ही लिहिलंय की काट्याचा स्क्रीन सकाळी हलका असतो आणि चार-पाचपर्यंत जड होतो. याचं कारण बहुतेक ‘चालू वजन’ नावाचं तुमचं तीन ओळींचं टेबल आहे. प्रत्येक काट्याचा इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा वजन पाठवतो आणि प्रोग्राम दर वेळी त्या काट्याची ओळ अपडेट करतो. तीन काटे म्हणजे सेकंदाला तीस अपडेट. रात्री काट्यावर गाडी नसली तरी इंडिकेटर चालूच असतो आणि शून्य शून्य लिहीत राहतो. २४ तासांत २६ लाखांच्या आसपास कमिट होतात. प्रत्येक कमिटला वॉलचं निदान एक ८ केबीचं पान डिस्कवर ढकलावं लागतं, मग त्यात बदल पन्नास-शंभर बाइटचा का असेना. म्हणजे कुणालाही न लागणाऱ्या आकड्यांसाठी दिवसाला २० जीबी.

ही झाली लिहिण्याची बाजू. जडपणा कुठून येतो ते समजायला पोस्टग्रेसची रीत ध्यानात घ्यावी लागते. रोजमेळात चूक झाली तर आपण जुनी ओळ खोडतो आणि खाली नवी लिहितो, तसंच ते करतं. अपडेट झाली की ओळीची नवी आवृत्ती लिहिली जाते, जुनी जागेवरच राहते, आणि ती उचलायचं काम व्हॅक्यूमचं. बदललेल्या रकान्यांपैकी एकावरही इंडेक्स नसेल आणि त्याच पानात जागा असेल, तर पोस्टग्रेस चालता चालता ते पान स्वतःच साफ करून घेतं, इंडेक्सला हातही लावत नाही. याला हॉट अपडेट म्हणतात. तीन ओळींचं टेबल मग आयुष्यभर एक-दोन पानांत मावतं. पण तुमच्या टेबलाची जी रचना तुम्ही पाठवली त्यात ‘शेवटची वेळ’ या रकान्यावर इंडेक्स आहे, आणि तो रकाना दर अपडेटला बदलतो. त्या एका इंडेक्समुळे हॉट अपडेट कायमचं बंद झालं. ऑटोव्हॅक्यूमही बंद. दहा तासांत दहा लाखांवर मेलेल्या ओळी साचतात आणि तीन ओळींचं टेबल फुगत फुगत कितीतरी एमबींचं होतं. काट्याचा स्क्रीन दर सेकंदाला तीन ओळी वाचायला ते सगळं चाळतो. रात्री व्हॅक्यूम फुल ते पुन्हा लहान करतं, म्हणून सकाळी हलकं वाटतं, आणि म्हणूनच बसवून देणाऱ्याला ते औषध लागू पडल्यासारखं वाटलं असणार.

‘पीजी स्टॅट यूजर टेबल्स’मध्ये या टेबलाच्या एकूण अपडेटचा आणि हॉट अपडेटचा आकडा शेजारी शेजारी मिळतो. हॉटचा आकडा शून्याजवळ असेल तर मी म्हणतो ते खरं.

यावरचा खरा उपाय प्रोग्राममध्ये आहे. चालू वजन डेटाबेसमध्ये जायचंच काही कारण नाही. ते प्रोग्रामच्या मेमरीत राहावं, आणि गाडी स्थिर होऊन वजन ठरलं की एकदाच लिहावं. बहुतेक इंडिकेटर वजन स्थिर झाल्याची खूण पाठवतात. सॉफ्टवेअरवाल्याशी बोला, हे अवघड काम नाही. तो हंगाम संपेपर्यंत हात लावणार नसेल, तर तुमच्या हातातले उपाय: तो वेळेवरचा इंडेक्स काढून टाका, तीन ओळींना त्याचा उपयोग शून्य आहे. फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं तो आकडा) ५० च्या आसपास ठेवा. त्या टेबलापुरतं ऑटोव्हॅक्यूमचं प्रमाण (टेबलाचा किती हिस्सा मेल्यावर साफ करायचं) शून्य आणि किमान मर्यादा हजार ओळींची करा, म्हणजे मिनिटागणिक ते साफ होईल. आणि टेबल ‘अनलॉग्ड’ करा, म्हणजे वॉलमध्ये ते लिहिलंच जाणार नाही. फक्त एक गोष्ट आधी तपासा. लाईन जाऊन पीसी बंद पडला की अनलॉग्ड टेबल पुढच्या वेळी रिकामं उघडतं. तुमचा प्रोग्राम नुसतं अपडेट करत असेल तर रिकाम्या टेबलात अपडेट करायला ओळच सापडणार नाही, त्रुटीही दिसणार नाही, आणि काट्यावर वजन येणं बंद होईल. ओळ नसेल तर नवी घालायची सोय प्रोग्राममध्ये हवी, किंवा सर्व्हर सुरू झाल्यावर तीन ओळी घालणारी छोटी फाइल चालवायची.

‘सिंक्रोनस कमिट’ (कमिट डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं) बंद करायचा मार्गही आहे. त्याने डेटा बिघडत नाही, लाईन गेली तर शेवटचे काही क्षण तेवढे जातात. चालू वजन लिहिणाऱ्या जोडणीपुरतं ते बंद करायला माझी हरकत नाही. पण आवक पावती आणि पट्टी लिहिणाऱ्या जोडणीत नाही. शेतकऱ्याच्या हातात छापलेली पावती गेली आणि डेटाबेसमध्ये ती नाही, असं एकदाही होता कामा नये.

फोटोंचं काय करायचं यावर जाणकारांत दोन मतं आहेत आणि दोन्हीला आधार आहे. डेटाबेसमध्ये ठेवले की पावती आणि फोटो कधी वेगळे पडत नाहीत. बाहेर फाइल म्हणून ठेवले की डेटाबेस हलका राहतो. तुमच्यासारख्या ठिकाणी मी बाहेरच ठेवायला सांगतो: हंगाम, महिना, तारीख असे फोल्डर, आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता. तसं केलं तर तुमचा डेटाबेस १ जीबीच्या आत-बाहेर येईल असा माझा अंदाज आहे, डंप काही मिनिटांत होईल, आणि फोटोंसाठी रोबोकॉपी (विंडोजमधली फाइली नकलायची सोय) लावली की ती फक्त नवे फोटो दुसऱ्या डिस्कवर नेईल. मात्र मग बॅकअप म्हणजे दोन्ही गोष्टी, हे पक्कं धरून चालावं लागतं. सॉफ्टवेअरवाला तयार नसेल तर फोटो आहेत तिथेच राहू द्या. साध्या व्हॅक्यूमला त्यांचा त्रास नाही. एकदा तपासून ‘इथे सगळं जिवंत आहे’ अशी नोंद झालेली पानं ते पुढच्या वेळी सोडून देतं. त्रास फक्त फुलमुळे होतोय. फुल ही नोंदही ठेवत नाही, त्यामुळे ते झाल्यावर पहिल्या साध्या व्हॅक्यूमला सगळं टेबल पुन्हा वाचावं लागतं. बदल केल्यावर पहिल्या दिवशी ऑटोव्हॅक्यूम बराच वेळ चालताना दिसेल, ते यासाठी. घाबरून बंद करू नका.

ऑटोव्हॅक्यूमबद्दल अजून थोडं. ते बंद ठेवायची सवय जुन्या काळातली आहे, जेव्हा ते दिवसा काम अडवतं अशी तक्रार असायची. ते डिस्कवर ताण पडू नये म्हणून स्वतःच थांबत थांबत काम करतं. आवृत्ती १२ पासून हा विसावा २ मिलिसेकंदांचा आहे, त्याआधी २० चा होता. जुनी कॉन्फिग फाइल नव्या आवृत्तीत तशीच उचलून आणलेली असेल तर २० च राहून जातो आणि मग पानं लिहिण्याचा वेग सेकंदाला ४ एमबीच्या पुढे जात नाही. तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते बघा. २ असेल तर बाकी आकडे मुळात आहेत तेच राहू द्या, तुमच्या आकाराला ते पुरतात. ‘मेंटेनन्स वर्क मेम’ (व्हॅक्यूमसारख्या कामांना मिळणारी मेमरी) ६४ एमबीवरून ५१२ वर न्या. ती कमी पडली की व्हॅक्यूमला एकाच टेबलाचे इंडेक्स पुन्हा पुन्हा वाचावे लागतात. तुमच्याकडे ते होत नसावं, पण १६ जीबी रॅममध्ये एवढं द्यायला काही जात नाही.

उरलेल्या लिखाणातला मोठा वाटा चेकपॉइंटचा (मेमरीतले बदल ठराविक वेळाने टेबलांच्या फाइलींत उतरवण्याचा) निघू शकतो. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिला बदल झाला की पोस्टग्रेस ते ८ केबीचं पूर्ण पान वॉलमध्ये लिहितं. चेकपॉइंट जितके वारंवार, तितकी तीच पानं पुन्हा पुन्हा पूर्ण लिहिली जाणार. मुळात ‘मॅक्स वॉल साइझ’ १ जीबी आणि ‘चेकपॉइंट टाइमआउट’ ५ मिनिटं असतं. लॉगमध्ये ‘चेकपॉइंट फार वारंवार होत आहेत’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर १ जीबी अपुरं पडतंय. आवृत्ती १३ मध्ये ‘लॉग चेकपॉइंट्स’ आपणहून चालू नसतं, ते करा. मग मर्यादा ४ जीबी आणि वेळ १५ मिनिटं ठेवा, आणि ‘वॉल कॉम्प्रेशन’ चालू करा. याची किंमत अशी की लाईन जाऊन सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा उभा राहताना थोडा जास्त वेळ घेतो. मोठ्या शहरात लोक हा वेळ अर्धा-एक तासही ठेवतात. आपल्याकडे लाईनचा भरवसा नसताना आणि गेटवर गाड्या उभ्या असताना मी १५ मिनिटांच्या पुढे जात नाही.

संध्याकाळचे मोठे रिपोर्टही बघून घ्या. ‘वर्क मेम’ (क्रमवारीसारख्या कामाला मिळणारी मेमरी) मुळात ४ एमबी असतं. शेतकरीनिहाय हंगामाचा हिशेब काढताना ते पुरलं नाही की क्रमवारी डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलींत होते. ‘पीजी स्टॅट डेटाबेस’मध्ये ‘टेम्प बाइट्स’ हा आकडा रोज किती वाढतो ते पाहिलं की कळेल. वाढत असेल तर फक्त त्या रिपोर्टच्या जोडणीला ६४ एमबी द्या.

अँटिव्हायरसला पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमध्ये शिरू देऊ नका, ते वगळण्याची सोय त्यात असते. आणि पीसी काट्याच्या खोलीत असेल तर तो उघडून बघा. जिनिंगमध्ये रुईचा बारीक तंतू सगळीकडे उडतो; पंख्याच्या जाळीवर त्याचा बोटभर जाड, मळकट थर बसतो, हाताने ओढला तर गालिच्यासारखा अख्खा निघून येतो. एनव्हीएमई तापली की स्वतःचा वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४५ अंश असताना तिला थंड व्हायला वाव मिळत नाही. स्मार्टमध्ये तापमानाचा आकडा आणि धोक्याच्या तापमानात काढलेली मिनिटं दोन्ही मिळतात.

कामाचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी बाहेरची वेगळी डिस्क आणून तिच्यावर कस्टम प्रकारातला (दाबून लहान केलेला) डंप घ्या आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी पीसीवर खरंच उभा राहतो का ते पाहा. मग एका रात्रीची लॉक तपासणी. त्यानंतर रात्रीचं व्हॅक्यूम फुल बंद, ऑटोव्हॅक्यूम चालू, चालू वजनाच्या टेबलाचा बंदोबस्त, आणि ‘आयडल इन ट्रँझॅक्शन’साठी अर्ध्या तासाची मुदत. ही मुदत घालण्याआधी हिशेबनिसांना सांगून ठेवा, कारण उघडा राहिलेला स्क्रीन त्यांना पुन्हा उघडावा लागेल. चेकपॉइंटचे बदल त्यानंतर. एका दिवसात सगळं करू नका. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ‘डेटा युनिट्स रिटन’चा आकडा वहीत लिहा, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल. कोणती क्वेरी किती वॉल लिहिते हे आवृत्ती १३ पासून ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’मध्ये दिसतं, तेही चालू करून ठेवा. आकडा ३०० जीबीवरून काही जीबींवर यायला हवा. तसा आला नाही तर वहीतले आकडे आणि ती यादी मला पाठवा, पुढचं आपण त्यावरून पाहू.

मोठ्या सर्व्हरबद्दल विचारलंत. दोनशे गाड्यांना तुमचा पीसी भरपूर आहे. पैसे घालायचेच असतील तर लाईन गेल्यावर आतला डेटा सांभाळणारे कपॅसिटर असलेली सर्व्हरची एसएसडी घ्या आणि यूपीएसची बॅटरी बदला. पोस्टग्रेस १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, त्याला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून आवृत्ती बदलायचं कामही धरून ठेवा. १७ मध्ये व्हॅक्यूमला लागणारी मेमरी बरीच कमी झालीय. हे मात्र कापूस येत असताना करू नका. जिनिंग बंद झाल्यावर, पेरणीच्या आधी जी मोकळीक मिळते तेव्हा करा. फोटो बाहेर काढले तर जुन्या टेबलाची जागा सोडवायला व्हॅक्यूम फुल एकदा चालवावं लागेल, तेही त्याच वेळी, त्या एकाच टेबलावर, सगळे स्क्रीन बंद करून आणि आधी ताजा बॅकअप घेऊन.